तळ्याची वही

नकाशावर सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शेजारी दिसतात. खरे तर ते एकाच घरातून वाटणी होऊन निघाले आहेत. 1949 मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पाण्याने मात्र ही वाटणी कधी मानली नाही. महाबळेश्वराच्या डोंगरात निघालेली कृष्णा माहुलीला वेण्णेला, कऱ्हाडला कोयनेला आणि हरिपूरला वारणेला भेटते. खटावच्या डोंगरात उगवणारी येरळा सांगली जिल्ह्यातून वाहत ब्रह्मनाळला कृष्णेत मिसळते. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास कसाबसा पोहोचतो. म्हणूनच या पूर्व भागात तळ्याला जे मोल आहे ते घाटमाथ्यावरच्या माणसाला सांगून कळणार नाही. येथे तळे म्हणजे गावाची शिल्लक असते.

तळे म्हटले की आपल्या साहित्याला कमळ आठवते, बगळा आठवतो, काठावर घागर घेऊन उभी असलेली स्त्री आठवते. तळ्याच्या पाण्यावर आणि पाण्यात वर्षभर राहणारा पाणकिडा मात्र क्वचितच कोणाला आठवतो. मलाही तो आठवला नसता. मी शाळेत मराठी शिकवीत आले. कीटकशास्त्राशी माझा संबंध पाठ्यपुस्तकातील फुलपाखराच्या पाठापुरताच होता. खटाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत असताना चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, निवळी पाण्यावर पळती, मग ती बुडत का न्हाई?" निवळी हा शब्द मला ठाऊक होता, निवळीही पाहिलेली होती, उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी वही घातली, ती अजून चालू आहे.

निवळीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वर्गातच शोधले. परातीत पाणी घेऊन त्यावर कागदाच्या कपट्यासह शिवणाची सुई अलगद ठेवली. कपटा भिजून खाली गेला आणि सुई पाण्यावर राहिली. पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखे काही असते, हे मुलांना दिसले. मग एका मुलाने रिठ्याच्या पाण्याचा थेंब परातीत टाकला आणि सुई तत्काळ तळाशी गेली. निवळीच्या पायांवर अतिशय बारीक, पाणी न धरणारी लव असते. तिच्यामुळे पाय पडदा दाबतात, पण फाडत नाहीत. पुढचे आखूड पाय भक्ष्य धरतात, मधले लांब पाय वल्ह्यांसारखे चालतात आणि मागचे पाय सुकाणूचे काम करतात. पाण्यावर पडलेल्या माशीची तडफड लाटांच्या रूपाने तिच्या पायांना कळते. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तळ्यावरून धावत आली. धुण्याच्या दगडांपाशी, जेथे साबणाचे पाणी तळ्यात उतरते तेथे, एकही निवळी नाही आणि पलीकडच्या लव्हाळ्यापाशी मात्र त्या पुष्कळ आहेत, असे तिने सांगितले. परातीतली सुई आणि तळ्यातला घाट यांची सांगड तिने स्वतःच घातली होती. वहीतील पहिली नोंद मी तिच्या सांगण्यावरून केली.

'किडा' हा शब्द मराठीत फारच ऐसपैस आहे. भुंगा, ढेकूण, अळी, गांडूळ, सगळेच त्यात मावतात. नोंद करू लागले तेव्हा या ऐसपैसपणाची अडचण झाली. साताऱ्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांना मी बाटलीत भरून चार किडे दाखविले. त्यांनी दोन एका बाजूला ठेवले आणि दोन दुसऱ्या बाजूला. एका बाजूला होते भुंगेरे. त्यांचे पुढचे पंख टणक पेटीच्या झाकणासारखे असतात आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत जुळतात. तोंडाला चावणारे जबडे असतात. दुसऱ्या बाजूला होते ढेकणाच्या गणातले, म्हणजे अर्धपंखी. त्यांच्या पुढच्या पंखाचा मुळाकडचा भाग चिवट आणि टोकाकडचा पातळ असतो. दोन्ही पंख पाठीवर एकमेकांवर आडवे येतात आणि खांद्यांमध्ये एक त्रिकोण दिसतो. त्यांना जबडे नसतात, सुईसारखी सोंड असते. सोंड भक्ष्यात खुपसायची, पाचक लाळ आत सोडायची आणि विरघळलेले मांस शोषून घ्यायचे, ही त्यांची जेवणाची रीत. शिवाय या गणात फुलपाखरासारखी कोषाची अवस्था नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू आईबापांसारखेच दिसते, फक्त त्याला पुरते पंख नसतात; बहुधा पाच वेळा कात टाकून ते प्रौढ होते.

पाण्यातल्या या अर्धपंखींची पहिली वाटणी करायला भिंगाचीही फारशी गरज पडत नाही. मिशा, म्हणजे डोक्यावरचे स्पर्शक, वरून स्पष्ट दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर तो पृष्ठभागावर राहणारा: निवळी, किंवा काठाकाठाने अगदी सावकाश चालणारा, सुतळीच्या धाग्याइतका बारीक, लांबट डोक्याच्या मधोमध डोळे असलेला हायड्रोमेट्रा. मिशा दिसत नसतील, म्हणजे त्या डोळ्यांखालच्या खाचेत दडवलेल्या असतील, तर तो पाण्याच्या आत राहणारा. पोहताना मिशांचा अडथळा होऊ नये अशी ही सोय आहे. पुढे शेपटाकडे श्वासनळी आहे का, ती लांब की आखूड, पुढचे पाय पकडीसारखे आहेत का, पोट वर करून पोहतो की पाठ, असे एकेक प्रश्न विचारीत गेले की कूळ कळते, बहुधा प्रजातीही कळते. नेमकी जात ठरविण्यासाठी मात्र नराच्या शरीराचे सूक्ष्म भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि ते काम तज्ज्ञांचे. माझ्या वहीत बहुतेक नोंदी प्रजातीपाशी थांबतात.

या मंडळींपैकी काहींची ओळख येथे करून देणे आवश्यक वाटते. कारण ती आपल्या इतकी जवळ राहतात की त्यांच्याकडे आपली पाठ असते.

पहिला पाणविंचू. करड्या, चपट्या, कुजक्या पानासारख्या या किड्याच्या शेपटाकडे लांब नळी असते आणि पुढचे दोन पाय नांगीसारखे वळलेले असतात. रूपामुळे तो बदनाम झाला. नळी टोचण्यासाठी नाही, श्वास घेण्यासाठी आहे. तळाच्या गाळात उलटे डोके करून बसायचे आणि नळीचे टोक पाण्याच्या वर ठेवायचे, म्हणजे तासन्‌तास हलायला नको. शास्त्रीय नाव लॅकोट्रेफिस. त्याचाच नातलग रानात्रा. तो वाळलेल्या काडीसारखा लांब असतो आणि लव्हाळ्याच्या काड्यांत असा मिसळतो की जाळीत आल्यावरही काडी समजून टाकून दिला जातो. रानात्राची मादी पाणवनस्पतीच्या मऊ भागात अंडी रोवते आणि प्रत्येक अंड्याला दोन बारीक तंतू असतात. अंडे आत बुडालेले राहते, तंतू बाहेर राहून त्याला हवा पुरवितात. म्हणजे ज्या तळ्याला काठावर हिरवळ नाही, त्या तळ्यात रानात्राला पाळणाच नाही. ही गोष्ट पुढे मला वेगळ्या कारणाने आठवावी लागली.

दुसरा डिप्लोनिकस. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, तपकिरी, लंबगोल. त्याच्या पाठीवर मला प्रथम पांढुरकी दाणेदार रास दिसली तेव्हा त्याला काही रोग झाला असावा असे वाटले. भिंगातून पाहिले तर ती अंडी होती, ओळीने चिकटविलेली. ती अंडी वाहणारा नर असतो. मादी अंडी नराच्या पाठीवर घालते आणि निघून जाते. त्यानंतर पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर ती सांभाळतो. पृष्ठभागाशी येऊन अंड्यांना हवा देतो, पायांनी पाणी हलवतो. पंख अंड्यांनी झाकले गेल्यामुळे त्या काळात त्याला उडून दुसऱ्या तळ्यावर जाताही येत नाही. या कुळातील अंडी वाहणारी ती मादीच, असे अभ्यासक पूर्वी धरून चालले होते. 1899 मध्ये फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने तेथील एका जातीचे निरीक्षण करून तो नर असल्याचे दाखवून दिले. मूल वाहायचे ते आईने, हा माणसांचा समज किड्यांच्या माथी मारला गेला होता आणि तो काढण्यासाठी कोणीतरी वाकून नीट पाहण्याची गरज होती. तळ्यावर धुणे धूत बसलेल्या एका आजींना मी हा बाप दाखविला. त्यांनी पिळा बाजूला ठेवून बराच वेळ ताटलीत पाहिले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, कुनाला तरी वजं कळलं म्हनायचं." मी ते वाक्य तारखेसह नोंदवहीत उतरवून घेतले.

तिसरा ॲनिसॉप्स. हा आयुष्यभर उताणा पोहतो. मागचे दोन लांब पाय वल्ह्यांसारखे मारीत तो विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात मधल्या थरात तरंगत राहतो. साताऱ्याजवळ लिंब येथे अठराव्या शतकात बांधलेली बारा मोटांची विहीर आहे. तशा एखाद्या जुन्या विहिरीच्या पायरीवर बसून पाहावे, म्हणजे त्याचे तरंगणे किती विलक्षण आहे ते कळते. पाण्यात एका जागी, वर न येता आणि खाली न जाता, थांबणे सोपे नसते. कीटकांत सहसा न आढळणारे हिमोग्लोबिन त्याच्या शरीरात असते. त्यात साठविलेला प्राणवायू हळूहळू सुटत राहतो आणि त्यामुळे त्याचे वजन पाण्याशी जुळलेले राहते. आपल्या रक्ताला लाल करणारे द्रव्य या सेंटिमीटरभराच्या किड्याला तराजूसारखे उपयोगी पडते. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते अन्न.

चौथा मायक्रोनेक्टा. तिळाएवढा. पावसाळ्याच्या सुरुवातीस दिव्याखाली मुंगीसारखे जे असंख्य बारीक जीव पडतात, त्यांत हा पुष्कळदा असतो. युरोपात आढळणाऱ्या याच्या एका भाईबंदाचा आवाज शास्त्रज्ञांनी मोजला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार दोन मिलिमीटरांचा तो नर पाण्याखाली मादीला साद घालताना 99 डेसिबलपर्यंत पोहोचतो. देहाच्या मानाने इतका मोठा आवाज प्राणिसृष्टीत दुर्मीळ आहे. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर बहुतेक आवाज अडतो, म्हणून काठावरच्या माणसाला तळे शांत वाटते. मराठीत 'शांत जलाशय' हा शब्दप्रयोग मी शिकवीत आले आहे. तो अजूनही शिकवते, पण आता एक टीप जोडते.

पाचवा लेथोसेरस, या सर्वांचा दादा. बोटाएवढा लांब, बेडकांना आणि लहान माशांना धरणारा. पावसाळी रात्री रस्त्याच्या दिव्याखाली तो आपटतो आणि लोक त्याला झुरळ समजून चपलेने मारतात. थायलंडमध्ये आणि आपल्याकडे मणिपुरात तो चवीने खाल्ला जातो. खटावात तो मला मोजून तीन वेळा भेटला.

भेटलेल्याला नाव हवे. येथे माझ्यातल्या मराठीच्या शिक्षिकेची खरी परीक्षा होती. निवळी आणि पाणविंचू ही दोन नावे गावात होती. बाकी सगळे 'पाणकिडे'. शास्त्रीय नावांची वाट वेगळीच. अठराव्या शतकात लिनियसने ती पद्धत घालून दिली आणि त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने भारतातून गेलेल्या अनेक कीटकांना नावे दिली. विल्यम लूकस डिस्टंट यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत 1902 ते 1918 या काळात अर्धपंखींवर सात खंड लिहिले; पाणढेकणांच्या अभ्यासाला आजही तेथूनच सुरुवात होते. 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. लॅटिन नावांची मला प्रथम भीती वाटली. मग कळले की रानात्राच्या एका जातीचे नाव फिलिफॉर्मिस, म्हणजे धाग्यासारखी. लॅकोट्रेफिसच्या एका जातीचे ग्रिसियस, म्हणजे करडा. आणि डिप्लोनिकसच्या येथील जातीचे रस्टिकस, म्हणजे चक्क खेडवळ. नाव देणारा परका होता, पण त्याने पाहिले होते तेच आपले लोकही पाहतात. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या गोष्टींसाठी सारंगागार, काकागार असे शब्द मराठीला दिले. त्या धैर्यातले थोडे उसने घेऊन मी वहीपुरती नावे केली. रानात्राला पाणकाडी, ॲनिसॉप्सला उताण्या, डिप्लोनिकसला पाठुंगळ्या. ती शास्त्रात चालणार नाहीत याची मला जाणीव आहे, म्हणून प्रत्येक नावाशेजारी लॅटिन नाव लिहिलेले असते. पण मुलांना 'आज पाठुंगळ्या दिसला' असे म्हणता येऊ लागले आणि त्या दिवसापासून त्यांना तो अधिक वेळा दिसू लागला. नाव नसलेली वस्तू डोळ्यांसमोरून निघून जाते, हा भाषेचा नियम आहे.

नोंद कशी करावी, हेही शिकावे लागले. माझी पहिली पाने आज वाचताना ती एखाद्या सहलीच्या वर्णनासारखी वाटतात: 'सकाळ प्रसन्न होती, पाणी निळेशार होते.' प्रसन्नतेतून पुढच्या वाचकाला काहीच कळत नाही. हळूहळू ओळीचा साचा ठरला. तारीख, वेळ, ठिकाण, काठापासूनचे अंतर, पाण्याची खोली, पाण्याचे तापमान, तळाशी गाळ की दगड, आसपास कोणती वनस्पती, जाळी किती वेळा फिरवली, काय सापडले, किती सापडले, आणि कोणी पाहिले. साहित्य फारसे लागत नाही: मच्छरदाणीच्या कापडाची मुठीची जाळी, पांढरे ताट, दहापट मोठे दाखविणारे भिंग आणि पेन्सिल, शाई पाण्याने फुटते. पाहून झाले की किडे पुन्हा तेथेच सोडायचे. ओळखण्यासाठी नमुना ठेवावाच लागला, तर तो अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची. ठिकाण आणि तारीख नसलेल्या नमुन्याला शास्त्रात किंमत नाही. कासच्या पठारावर, जेथे जांभ्या दगडातील उथळ खळग्यांत पावसाळ्यापुरती तळी साचतात, मी जाळी नेत नाही. 2012 मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या त्या परिसरात परवानगीवाचून काहीच उचलायचे नसते. डोळे आणि वही तेवढी न्यावी.

काही वर्षांनी माझी बदली सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात झाली. येथे द्राक्षबागा आणि बागांसाठी शेततळी. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे त्यांची संख्या बरीच वाढली. काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे ते चौकोनी पाणी मला प्रथम निर्जीव वाटले. पण भरल्यानंतर काही आठवड्यांतच त्यात उताण्यांचे थवे दिसू लागले. ते आले कोठून? हे किडे उडतात, आणि पाणी त्यांना पाण्यासारखे दिसते म्हणून सापडत नाही. सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे एका दिशेत बांधले गेलेले कंपन त्यांचे डोळे टिपतात. त्यामुळे ते कधी कधी चकाकणाऱ्या मोटारीच्या टपावर, ओल्या डांबरावर किंवा काचेवरही उतरतात आणि तेथेच वाळून मरतात. शेततळे त्यांना खरेच पाणी देते, म्हणून उताण्या तेथे सुखाने राहतो. पाणकाडी मात्र मला शेततळ्यात कधीच आढळली नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकला ना लव्हाळा, ना शेवाळ, ना अंडी रोवायला जागा. पाणी असणे आणि तळे असणे यांतला फरक मला माझ्या वहीतील दोन स्तंभांनी दाखविला.

गावाचे जुने तळे शाळेच्या मागेच होते. त्याच्या पश्चिम कोपऱ्यात लव्हाळा आणि पाणकणीस यांचे दाट बेट. सात वर्षे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, मी आणि सातवीची मुले तेथे नोंद करीत होतो. एके वर्षी तळ्याचा काही भाग भरून तेथे व्यापारी गाळे काढायचे असा प्रस्ताव आला. कारण सांगितले गेले ते डासांचे: तळे म्हणजे डासांचे आगर, ते बुजवले की हिवताप-डेंगी जाईल. गावात त्या वर्षी तापाचे रुग्ण होते. माणसे घाबरलेली होती आणि त्यांचे घाबरणे खोटे नव्हते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी वही घेऊन गेले. बोलण्याची सवय वर्गापुरतीच, त्यातून समोर गावची जाणती माणसे. आवाज स्थिर ठेवणे जड गेले. मी फक्त नोंदी वाचल्या. कोणत्या महिन्यात तळ्यात किती उताणे, किती पाठुंगळे. त्याच दिवशी त्याच ओगराळ्याने घेतलेल्या तळ्याच्या पाण्यात डासांच्या अळ्या क्वचित एखादी, आणि बाजारपेठेमागच्या गटारात व उघड्या टाक्यांत ओगराळे भरून. डेंगीचा डास घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, तळ्यात नाही, हेही सांगितले. एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, किड्यांसाठी गावानं धंदापाणी सोडायचं का?" प्रश्न रास्त होता. ज्याच्या पोराला गाळा मिळाला तर घर चालणार होते, त्याचा तो प्रश्न होता. मी म्हणाले, "अण्णा, गाळे नकोत असं माझं म्हणणं नाही. डासांसाठी तळं बुजवू नका, एवढंच म्हणते. डास तिथं नाहीत."

निर्णय मध्यावर झाला. पूर्वेकडील भाग भरला गेला, गाळे उभे राहिले आणि त्यांत आज दुकाने चालतात. मीही तेथूनच खडू आणि वह्या घेते. गटारे झाकण्याचा ठराव त्याच सभेत झाला आणि थोडासा अमलातही आला. पश्चिमेचा लव्हाळ्याचा कोपरा तूर्त शिल्लक आहे. पण मुरूम टाकताना पाणी दीर्घकाळ गढूळ राहिले आणि काठाची उतरण उभी झाली.

आता दर दुसऱ्या शनिवारी मुले नव्या पानावर जुनेच स्तंभ आखतात. निवळ्या आहेत. उताणे आहेत. पाठुंगळ्या मध्यंतरी दोन पावसाळे दिसला नव्हता. गेल्या श्रावणात एका मुलाला पाठीवर अंडी असलेला सापडला आणि त्याने तो शाळाभर दाखविला, मग तेथेच नेऊन सोडला. हे सर्व किडे हवेतला प्राणवायू घेतात, म्हणून त्यांच्या असण्याने पाणी शुद्ध ठरत नाही, हे मी मुलांना बजावते. त्यांच्या असण्यातून एवढेच कळते की तेथे भक्ष्य आहे, आसरा आहे आणि पाणी टिकते आहे. पाणकाडीच्या स्तंभात मात्र ती सभा झाल्यापासून प्रत्येक महिन्याला एकच शब्द आहे: 'नाही'. मुले तो लिहायला कंटाळतात. सापडलेच नाही तर लिहायचे कशाला, असे विचारतात. मी त्यांना मागची पाने उघडून दाखविते. सात वर्षे तेथे आकडे आहेत, दोन, पाच, एक, चार. ते आकडे कोणी लिहिले नसते, तर आजच्या 'नाही'ला काही अर्थच राहिला नसता. न पाहिलेली गोष्ट नाहीशी झाल्याचे कोणालाच कळत नाही. म्हणून आम्ही लिहितो: तारीख, वेळ, पश्चिम कोपरा, खोली दीड फूट, लव्हाळा, जाळी दहा वेळा. पाणकाडी, नाही.

स्वाध्याय

1. 'पाणी असणे आणि तळे असणे' यांतील फरक लेखिकेने कोणत्या निरीक्षणांतून स्पष्ट केला आहे?
2. नाव देणे आणि पाहणे यांच्या नात्याविषयी या निबंधात आलेला विचार तुमच्या परिसरातील एखाद्या उदाहरणाच्या आधारे विशद करा.
3. ग्रामसभेच्या प्रसंगातील दोन्ही बाजूंची मांडणी लिहा. लेखिकेची भूमिका तुम्हांस कशी वाटते?
4. उपक्रम : घराजवळील विहीर, ओढा किंवा तळे निवडा. चार आठवडे ठरावीक दिवशी व ठरावीक वेळी तेथील एका जीवाची नोंद करा. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीच्या भाषेत काय बदल झाला, यावर 200 शब्दांत टिपण लिहा.